शेवंती जमिनीत लावली

अण्णा, तुमची शेवंती शेवटी जमिनीत गेली. घाटनांदूरला घर बांधलं, त्याच्या मागं चार वाफे केलेत, त्यात लावली. आज नववा दिवस. पहिले चार-पाच दिवस सगळी रोपं माना टाकून होती आणि मला जेवण गोड लागत नव्हतं. काल सकाळी बघते तर सगळी उभी, शेंड्यांना नखाएवढी नवी पानं. मी तिथंच वाफ्याच्या कडेला बसले. इतकं हलकं वाटलं की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवेना.

तुम्ही सहकारी साखर कारखान्यात माळी होता, रोजंदारीवर. दुष्काळाच्या त्या वर्षी वसाहतीत तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. ऑफिसपुढची बाग जळून नुसता फुफाटा झाला होता. शेवंतीच्या कुंड्या तेवढ्या तुम्ही गोदामाच्या मागच्या भिंतीला, सावलीत नेऊन ठेवल्या. माय तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठवायची आणि तुम्ही ते वाटीनं एकेका बुडाशी घालायचा. एकदा मी वरून, फुलांवरच ओतलं, तर केवढे रागावलात! "झाड तोंडानं पाणी पीत न्हाई, पायानं पितं." तेवढ्या एका वाक्यासाठी मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

त्या साली गळीत हंगामाची पहिली मोळी टाकायला कुणी मोठे पाहुणे येणार होते. बाग हिरवी दिसली पाहिजे, असं मॅनेजरसाहेबांनी फर्मावलं. कुंड्या बाहेर आणायच्या, खड्ड्यात काठापर्यंत पुरायच्या, म्हणजे बघणाऱ्याला झाडं जमिनीतच वाढल्यासारखी वाटतील. तुम्ही खड्डे घेतलेत. पाहुणे दहाला येणार होते. बारा वाजले तरी गाडीचा पत्ता नाही. दसरा उलटलाय, पण ऊन चैत्रातलं. मी शाळेच्या कपड्यांत तुमच्याजवळ उभी आहे. सावलीला सवकलेली झाडं एकेक करून वाकायला लागली आहेत, पिवळी फुलं मातीला टेकतायत. तुम्ही रस्त्याकडं बघता, झाडांकडं बघता, परत रस्त्याकडं. मग फावडं उचलता. "चल, हात लाव."

कार्यक्रमाच्या मांडवातली सगळी माणसं बघत होती. पाच-सहा कुंड्या निघाल्या असतील, तोवर मॅनेजरसाहेब धावत आले. "कुणाला विचारून काढतोस बे?"

"साहेब, आजून तासभर ऱ्हायल्या तर मरत्याल."

"पाहुणे जाऊ देत, मग मरू दे की!"

तुम्ही हातातली कुंडी खाली ठेवली नाहीत. आवाजही चढवला नाहीत. "माह्या हातानं न्हाई व्हायचं, साहेब."

"मग उद्यापासून येऊ नको."

तुम्ही मान हलवलीत आणि राहिलेल्या कुंड्याही सावलीत नेल्यात. आठ दिवसांत क्वार्टर सोडलं. मामाच्या गावी, इथं घाटनांदूरला यायला टेम्पो केला, त्यात सगळं मावेना. तुम्ही बाज मागं ठेवलीत आणि कुंड्या चढवल्यात. त्या तुम्हीच लावलेल्या, मातीसकट तुमच्या, हे मला तेव्हा कुठं कळत होतं? मी बारा वर्षांची, माझी शाळा सुटलेली, मैत्रिणी सुटलेल्या. मी म्हणाले, "कुंड्यांपायी काम घालवलं. आमच्यापरीस झाडंच लाडकी हायत तुमाला." माय म्हणाली, "गप बस गं." तुम्ही दोन कुंड्या गुडघ्यांत धरून बसला होता. बऱ्याच वेळानं हळूच विचारलंत, "लई चुकलं का गं माझं?"

मी बाहेर बघत राहिले. तुम्ही परत कधी विचारलं नाहीत.

पुढं तुम्ही मोंढ्यात हमाली केलीत. आपण भाड्याच्या तीन खोल्या बदलल्या. दर वर्षी फुलं संपली की तुम्ही बुडाची पिल्लं वेगळी करून तेलाच्या डब्यांत लावायचा. दुसऱ्या खोलीच्या घरमालकिणीनं अंगणात जागा देऊ केली, तर म्हणालात, "भाड्याच्या जागंत जमिनीत लावू न्हाई. जाताना उपटावी लागती." तुम्ही गेलात तेही भाड्याच्याच खोलीत. डबे मी सांभाळले. स्वतःचं घर झालं तरी दोन वर्षं धीर होत नव्हता. माझ्या हातून मेली तर, हे एकच भय. यंदा पाऊस बरा झाला, बोअरला पाणी टिकलं. मुळं डब्यात गुंडाळून गुंडाळून पागोट्यासारखी झाली होती. ती बोटांनी सोडवताना मला टेम्पोतला तुमचा प्रश्न ऐकू येत होता. नाही, अण्णा, तुमचं चुकलं नव्हतं. मला हे कळून कितीतरी वर्षं झाली होती. तुम्ही होता तेव्हाच कळलं होतं. फक्त बोलले नाही.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून वहीतच राहील. आणि एक सांगते. लावणीच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, असा दिवस परत मिळाला नसता. मी कामाला आहे त्या दूध संस्थेत फोन करून ताप आलाय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सचिवांनी काळजीनं विचारलं, "उतरला का ताप?" मी नखांतली माती लपवत म्हणाले, "हो, उतरला."