सईच्या डोक्यावरचे प्रयोग

शनिवार, कोलशेत

शोभाताईंचा राग अजून जात नाहीये. राग तरी कसला, कीवच येते. माझी ही नणंद कल्याणला राहते, चांगली शिकलेली बाई. सईच्या डोक्यात पुढच्या बाजूला चाई पडलेली, एवढीशीच. सात वर्षांची पोर सुट्टीत आत्याकडे राहिली, तर हिने नवऱ्याचं केस उगवायचं औषध रोज तिला चोळलं. मला विचारलंसुद्धा नाही.

काल रात्री सई परत आली. आज सकाळी म्हणाली, "आई, छातीत धडधडतंय." उभी राहिली की गरगरत होतं. कपाळावर बारीक लव आलेली. ती लव बघताच ठाण्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोक्याला काय लावता?" सईने आत्या चोळायची त्या औषधाचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "हे मोठ्यांचं औषध. मुलांच्या अंगात जास्त भिनतं, ठोके वाढतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुलांना लावायचंच नाही." ईसीजी काढला, दुपारपर्यंत तिथेच ठेवलं. आता बरी आहे. ती लवही हळूहळू जाईल म्हणे.

संध्याकाळी ताईंना फोन केला. "अगं, ह्यांना तर कधी काही झालं नाही." पन्नाशीचा माणूस आणि सई, हिला दोघं सारखेच? वर म्हणते, "पुढच्या महिन्यात आमच्या पिंकीचं लग्न. फोटोत टक्कल बरं दिसतं का? आता तिला मागे उभं करू."

फोन स्पीकरवर होता. बहिणीपुढे कधी तोंड न उघडणाऱ्या माझ्या नवऱ्याने तो माझ्या हातातून घेतला.

"ताई, आम्ही लग्नाला येत नाही."