यंत्रातला ड्रमवाला

४ फेब्रुवारी

चि. ढोल्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फिजिओवाल्या बाईंनी रोज पानभर हाताने लिहायला सांगितलं म्हणून का होईना, पण ताई आठवली! इतकी वर्षं तुझं अक्षर मी फक्त कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीवर बघितलंय. आता तुझ्यामुळे मलाही पेन शोधावं लागलं.

बोटांचं लिहिलंस ते पुन्हा पुन्हा वाचलं. कप धरता येतो, शर्टाची बटणं लागतात, आणि ड्रमची काठी घेतली की तेवढी दोनच बोटं आत वळतात. हे कसलं दुखणं रे? दुखतही नाही म्हणतोस. दुखलं असतं तर निदान शेकता तरी आलं असतं. आईला मी इतकंच सांगितलंय की हात अवघडलाय, विश्रांती हवी. पडल्यापासून ती पलंगाला खिळून आहे, तिच्या जिवाला आणखी घोर नको.

आता कामाचं. आपण दोघांनी मिळून करायची ठरवलेली आठ गाणी. शाळेतून आले की बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून कपाटाला गादी टेकवून, त्या बिळात बसून मी माझं गाणं आणि गिटार ध्वनिमुद्रित करते. ड्रम तू येऊन वाजवणार होतास. आता संगणकावर ड्रम वाजवणारी सॉफ्टवेअरं मिळतात म्हणे. त्यातली तीन मी वापरून बघायला उतरवून घेतली. मला तिन्हींत कुणीतरी रिकामी पेटी बडवतंय असं वाटतं. कुठलं घेऊ ते तू सांग. तुझा हात बरा होईपर्यंतची सोय, एवढंच. रागावू नकोस.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. खोली रिकामी व्हायच्या आत तू नवा भाडेकरू बघायला निघालीस, असं मी हिला म्हणालो. ही म्हणाली की ताईंनी भाडेकरू शोधण्याआधी मालकाला विचारलं तरी. तेव्हा बसून तिन्ही सॉफ्टवेअरं ऐकली.

तिसरं आधी काढून टाक. त्यात ड्रमचे आवाज नाहीत, ड्रमच्या आठवणी आहेत, त्याही दुसऱ्या कुणाच्या तरी. दुसऱ्यात कोणा एका ड्रमवाल्याने वाजवलेले ठेके तयार भरलेले आहेत. गाण्याची लय सांगायची, ठेका उचलायचा, गाण्याखाली ठेवायचा. काम भागतं. लग्नाला भाड्याचा कोट घालतात तसं.

घ्यायचं तर पहिलं घे. तयार ठेके त्यातही आहेत, पण त्यांना हात लावू नकोस. ते तुझ्या संगणकातली निम्मी जागा खाईल, खाऊ दे. त्यात एकेक ड्रम हळू, मध्यम, जोरात असा कितीतरी वेळा वाजवून साठवलाय. समोरचा स्नेअर ड्रम वाजला की त्याच्या खालची तार थरथरते तीसुद्धा ऐकू येते. मीही तेच घेतो. तू गाणं आणि गिटार पाठव, मी एकेक ठोका माउसने मांडून देतो. माउस धरला की बोटं शहाण्यासारखी वागतात. त्यांचं वैर फक्त काठीशी आहे.

तेव्हा भाडेकरू नको. मालक घरीच आहे, फक्त दार दुसरं वापरतोय.

आईला माझा नमस्कार. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझा
ढोल्या


२ मार्च

चि. ढोल्यास,
अ. उ. आ.

पहिलं घेतलं. ते आल्यापासून माझा संगणक जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा चालतो. सोबत पहिल्या गाण्याचं गायन आणि गिटार पाठवलंय. मधल्या कडव्यात माझा श्वास ऐकू येतो तो राहू दे की काढू, ते सांग.

तुझ्या पत्राने इतकं बरं वाटलं की ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दुखण्याचा भाग गाळला. ती म्हणाली की तो लहानपणी पलीकडच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर वाजवायचा, तेव्हा भिंतीतूनही मला कळायचं की हा आज खुशीत आहे की रुसलाय. रोज विचारते, गाणं झालं का. मी म्हणते, तुझा लेक एकेक ठोका वेचतोय.

डॉक्टर हातात इंजेक्शन द्यायचं म्हणत होते, त्याचं काय झालं? तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझी ही चलाखी मला ठाऊक आहे.

उत्तर लवकर लिही. त्यातच तुझा जीव कळतो.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. अक्षर बघून कारण कळेलच. पेनशीही आता वैर सुरू झालंय. काठीपुरतं होतं ते पेनात शिरलं. डॉक्टर म्हणतात, असं होतं कधीकधी. दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने बोटं आत वळायची थांबली, पण त्यांतली ताकदही गेली. दुसऱ्याने काहीच झालं नाही. बरं होईल का, असं विचारलं तर ते म्हणाले की हात शाबूत आहे, मेंदूच त्याला चुकीचा निरोप पाठवतोय. मग मेंदूला सांगा, असं मी म्हणालो. ते हसले. मी विनोद केला नव्हता.

आमच्या बँडने माझ्या जागी दुसरा ड्रमवाला घेतला. भला माणूस आहे. कुठल्या गाण्यात मी कुठे थांबतो ते विचारायला घरी आला होता. मी तोंडाने बोल म्हणून दाखवले, त्याने मांडीवर वाजवून घेतले. दारापर्यंत सोडायला गेलो तर त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, मग माझ्या उजव्या हाताकडे बघून मागे घेतला. कप धरता येतो, हातही मिळवता येतो, हे सांगायचं राहून गेलं.

श्वास राहू दे. गाण्यात तेवढंच जिवंत आहे.

आता गाण्याचं. ताई, मला जमत नाहीये. सगळे ठोके मोजून मापून जागेवर ठेवले तर शिपाई चालल्यासारखं वाजतं. म्हणून ते थोडे हलवले, एक उशिरा, एक हळू, तर दारुडा जिना उतरल्यासारखं. मी स्नेअर किती मागे ठेवायचो? सगळे म्हणायचे की तुझा ठोका किंचित रेंगाळतो, म्हणून गाणं बसतं. किंचित म्हणजे किती? स्क्रीनवर रेघा आहेत. मी कुठल्या रेघेवर होतो? माझीच जुनी रेकॉर्डिंगं लावून बघितली. दर वेळी वेगळ्याच रेघेवर होतो.

इतकी वर्षं मला वाटत होतं, वाजवायचं मला येतं. ते हाताला येत होतं. मला कधीच येत नव्हतं. आता हात बोलत नाही, आणि विचारायला दुसरं कोणी नाही.

जसं झालंय तसं पाठवतोय. ही रोज संगणकापुढे बसायला सांगते, मी बसतो. सॉफ्टवेअरचा काही दोष नाही, ते फार चांगलं आहे. बाकी काय लिहू. तुझ्या शब्दाचा आधार असू दे.

ढोल्या


२८ एप्रिल

चि. सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने लिहितेय. त्याला दाखवू नकोस.

त्याने पाठवलेल्या ड्रमवर मी दोन आठवडे गाऊन बघितलं. वहिनी, एकेक ठोक्यामागे त्याने काय सोसलंय ते ऐकू येतं आणि म्हणूनच गाता येत नाही. ओळ उचलायला जावी तर पायाखाली पायरीच नसते. एका संध्याकाळी कंटाळून मी त्याच सॉफ्टवेअरातला तयार ठेका उचलला आणि गाण्याखाली ठेवला. चहा गार व्हायच्या आत गाणं उभं राहिलं. मला आनंद झाला आणि त्याचीच लाज वाटली.

आईच्या खोलीचं दार उघडं होतं. तिने हाक मारली. गेले तर ती उशीला टेकून उठून बसली होती, पडल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून. म्हणाली, त्याचा हात बरा झाला आणि मला कुणी सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं नाही. ती म्हणाली, मला शिकवू नकोस, मी त्याची आई आहे, त्याचा हात मी भिंतीतून ओळखते, आज तो खुशीत आहे. मग पुन्हा लावायला सांगितलं. ऐकताना तिची बोटं चादरीवर चालत होती.

माझ्याच्याने खरं सांगवलं नाही. तेव्हापासून ती दोन वेळा नीट जेवते, काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते. तो येईल तेव्हा मी उभी असले पाहिजे, असं म्हणते. मी काय करू ते तूच सांग. त्याच्याशी खोटं बोलायचं की तिच्याशी?

तुमच्या दोघांवरचा जीव तसाच आहे, तुम्हीही तो सांभाळा.

ताई


१० मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र त्यांनीच फोडलं. पाकिटावर तुमचं अक्षर होतं, नाव कुणाचं ते त्यांनी बघितलंच नाही. मी कामावरून आले तेव्हा ते स्वयंपाकघरात उभे होते, पत्र ओट्यावर नीट घडी करून ठेवलेलं. मला म्हणाले की ताईला सांग, तिचं काही चुकलं नाही.

गाणं त्यांनी मागवून घेतलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. एकदाच ऐकलं, डोळे मिटून. मी समोर बसले होते. संपल्यावर म्हणाले, चांगला वाजवतो. मग सॉफ्टवेअरच्या माहितीत तो ठेका वाजवणाऱ्या ड्रमवाल्याचं नाव शोधलं. सापडलं, कुठल्यातरी लांबच्या देशातला माणूस. ते नाव त्यांनी दोनदा वाचलं.

मी समजूत घालायला गेले. म्हटलं, आईंचे कान आता थकलेत. ते म्हणाले, तिचे कान ठीक आहेत. तिला लेक हवा होता, तो तिला ऐकू आला. मग म्हणाले की मी वाजवलं असतं तरी एवढंच ऐकू आलं असतं. आणि मग, तुम्हाला म्हणून लिहिते ताई, ते जे रडले तसं रडताना मी त्यांना लग्नापासून पाहिलं नाही. उजवा हात डाव्या हाताने धरून बसले होते, दुसऱ्याच्या घरातलं मूल सांभाळावं तसा.

सकाळी त्यांनी स्वतः वाद्यांच्या दुकानात ड्रम विकायचे म्हणून फोन केला. ड्रम न्यायला माणसं आली, तेव्हा कुठला भाग आधी सुटा करायचा ते त्यांना समजावून सांगत होते. आता त्या कोपऱ्यात जमिनीवर गोल डाग राहिलेत. मी पुसले, निघत नाहीत.

पुढचा मजकूर त्यांचा आहे, मी फक्त लिहून घेतेय. पेन आता त्यांच्या हातात ठरत नाही.

ताई, उरलेली सातही गाणी त्या माणसाकडूनच वाजवून घे. मला ऐकायला पाठवू नकोस. आईला खरं सांगू नकोस. भेटायला आलो तर तिला हात दिसेल, म्हणून मी येणार नाही. तिने विचारलं तर सांग, हात आता चांगला चालतो, म्हणूनच त्याला सवड नाही.

त्यांना यापुढे काही सांगायचं नव्हतं. तुम्ही मात्र मला लिहीत राहा. घरात फार शांतता असते.

तुमची
वहिनी