एकाखाली एक

४ मार्च

ती. बाबांना शि. सा. न.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर आईला आता अक्षरं लागत नाहीत, पण चित्रं कळतात, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून तिला चित्रांतच पत्र पाठवते आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर वेबकॉमिक वाचते. बोटाने सरकवत राहायचं, एकाखाली एक चौकट येत जाते. वाचता वाचता काढायलाही शिकते आहे. हात अजून जमत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचे हात खिशात किंवा पाठीमागे आहेत.

एका कागदावर सहा चौकटी बसवल्या, दोन-दोनच्या तीन ओळी. डावीकडे मी कॅलेंडर बघते, उजवीकडे भरलेली बॅग. डावीकडे बसच्या खिडकीत मी, उजवीकडे दूर जाणारी बस. डावीकडे दारात आई आणि मी, उजवीकडे बंद दार, कारण आम्ही दोघी आत गेलो. सप्टेंबरात नोकरी पक्की झाली की असंच होईल. तोवर रजा नाही.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची पदवीधर

१२ मार्च

चि. पदवीधर बाईंना अ. आ.

चित्रं मिळाली. पँट मी शिवली असती तर खिसे एवढे खोल ठेवले नसते.

बाळा, आई मात्र रडली. शेवटच्या चौकटीतल्या बंद दारावर बोटाने टकटक करत राहिली. तू येणार आहेस असं सांगितलं, तर मान फिरवली. माझं काय चुकलं ते कळत नाही. फोनवर तुला सांगणार होतो, पण ती शेजारीच असते.

जेवणही अर्धंच होतं. ताटाची डावी बाजू तशीच राहते. मग भूक लागली म्हणून खुणावते. आमच्यावर रागावली असेल. तू जपून राहा.
तुझा बाबा

१७ मार्च

ती. बाबांना शि. सा. न.

ताटाबद्दल वाचलं आणि डॉक्टरांना फोन केला. झटक्यानंतर आईचं डावीकडे लक्षच जात नाही, आणि ते तिला ठाऊकही नाही, असं ते म्हणाले. ताट फिरवून ठेवत जा, ती खाईल.

मग त्या चित्रांची माझ्याकडे ठेवलेली कॉपी काढली आणि तिची डावी बाजू मी हाताने झाकली. बॅग भरली. बस गेली. दार बंद झालं. मी तिला हे पाठवलं, बाबा. एवढं शिकून.

आता अरुंद पट्ट्यांवर, मोबाइलवर असतात तशा, एकाखाली एक चौकटी काढल्या आहेत. बंद दार गाळलं, शेवटच्या चौकटीत दारात आई आणि मी. तिच्या उजव्या हाताला बसून दाखवा. माझ्यावर राग धरू नका.
तुमची पदवीधर

२६ मार्च

चि. बाळीस अ. आ.

ताट फिरवलं, ती जेवली. मी मात्र तीन महिने तिला हट्टी समजत होतो.

तुझ्या पट्ट्या अस्तराच्या कापडावर शिवून एकच लांब पट्टी केली आणि दोऱ्याच्या रिळावर गुंडाळली. मी रीळ फिरवतो, ती बघते. आता सगळं कळतं. तुम्ही दोघी दारात दिसलात की हसते. मग आपल्या दाराकडे बघते. बराच वेळ बघते. रोज चार-पाचदा हेच होतं, आणि मी मशीनवर मान खाली घालून बसतो.

माझ्या खडूने तिने तुला काढलंय. सोबत पाठवतो. सांभाळून घडी उघड.
तुझा बाबा

२ एप्रिल

ती. बाबांना शि. सा. न.

चित्र मिळालं. अर्धा चेहरा, एक डोळा, एक वेणी. डावीकडे कोरा कागद. पण हात खिशात नाही, पाचही बोटं काढली आहेत. मी पेन्सिल घेऊन बसले होते, पण उरलेली अर्धी मला काढवेना.

रजेचा अर्ज दिला होता. साहेबांनी वाचला आणि सप्टेंबर म्हणाले. नोकरी सोडते म्हटलं तर औषधं कुठून आणायची, ते तुम्हीच सांगा.

बाबा, शेवटची चौकट उसवून ठेवा. मी येईन तेव्हा परत जोडा. तोवर ती दाराकडे तरी बघणार नाही.
तुमची

९ एप्रिल

चि. बाळीस अ. आ.

कात्री घेतली होती. पहिला टाका काढला आणि तिने माझं मनगट धरलं, चांगल्या हाताने, घट्ट. टाका परत घातला.

ती दाराकडे बघते. आता मीही बघतो.
तुझा बाबा