पूर्व स्टँडखालचा आवाज

सोमवार

पोचले एकदाची! दादा घ्यायला आला होता, अग्निशमन दलाच्या गणवेशातच, ड्यूटीवरून थेट. माझी बॅग उचलता उचलता म्हणाला, "आला का आमचा भोंगा!" लहानपणी मी गल्लीच्या टोकावरून हाक मारली तरी घरातली माणसं दचकायची, तेव्हापासूनचं हे नाव. आता त्याच आवाजाचा मला पगार मिळतो म्हटल्यावर रस्ताभर हसत होता. वहिनीने मागची खोली मोकळी करून ठेवलीय. खिडकीतून स्टेडियमच्या दिव्यांचे खांब दिसतात. पुतणीने माझा हेडफोन डोक्यावर चढवला तो जेवायला बसेपर्यंत काढला नाही.

फुटबॉलची स्पर्धा संपेपर्यंत मुक्काम इथेच. काम सांगायला सोपं आहे. पोलीस, अग्निशमन, अँब्युलन्स, गेटवरची माणसं, सगळ्यांकडे वॉकी-टॉकी असतात. कोण काय बोललं ते कोणापर्यंत पोचवायचं, हे मी बघायचं. दादाचं पथकही स्टेडियमवरच आहे. जन्मात पहिल्यांदा त्याला हुकूम सोडता येणार!

मंगळवार

कंट्रोल रूम दक्षिण स्टँडच्या माथ्यावर आहे. समोर भिंतभर काच, सगळं मैदान पायाखाली. साहेब शांत गृहस्थ. पहिल्याच भेटीत म्हणाले, आत आपण कितीही घाबरलो तरी चालेल, फक्त माइकमध्ये ते जाता कामा नये.

वॉकी-टॉकी बघणाऱ्या मेकॅनिकबरोबर सगळं स्टेडियम पायी फिरले. हा गडी बोलत कमी आणि गुणगुणतो जास्त. आवाज कुठे पोचत नाही ते शोधायचं होतं. जिने, पार्किंग, सगळीकडे नीट. फक्त पूर्व स्टँडखालच्या बोगद्यात शिरलो आणि वॉकी-टॉकी मेला. साधी खरखरही नाही. गर्दी बाहेर काढायला बांधलेला लांबलचक बोगदा, पण कधी वापरलाच नाही म्हणे. मी दोन शब्द बोलून पाहिले, तर कापसात तोंड खुपसून बोलल्यासारखं वाटलं. सकाळपासून नवा बूट टाचेला चावत होता, तेही आत कळेना. बाहेर आल्यावर मात्र टाच पुन्हा ठणकायला लागली.

मेकॅनिकने तिथे रिपीटर बसवला. आलेला क्षीण आवाज ऐकायचा आणि मोठा करून पुढे पाठवायचा, एवढंच त्या डब्याचं काम.

बुधवार

रंगीत तालीम. नियम सगळ्यांना पुन्हा समजावले. एकाने बटण दाबलं की तो सोडेपर्यंत बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. मधे घुसता येत नाही, यंत्रच घुसू देत नाही.

एक गंमत झाली. मी म्हटलं, "सर्व गेट, उत्तर द्या," आणि सगळ्यांची उत्तरं आल्यावर माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. मेकॅनिक म्हणाला, नवा रिपीटर आहे, जरा उशिरा बोलतोय, रुळेल. सगळे हसले. दादा त्याच्या सेटवरून म्हणाला, एक भोंगा काय कमी होता!

शुक्रवार

पहिला सामना. स्टँड भरलेले, आणि काम मस्त रंगात आलेलं. दुपारी वैद्यकीय पथकाने विचारलं, बोगद्यात स्ट्रेचर पाठवलंय, रुग्ण कुठे आहे? मी कोणालाही बोगद्यात पाठवलं नव्हतं. तसं सांगितलं, तर त्यांची प्रमुख वैतागून म्हणाली, "अहो बाई, तुम्हीच तर सांगितलंत!"

दोघे स्ट्रेचरवाले परत आले तेव्हा मी खाली जाऊन भेटले. आत काय होतं विचारलं, तर एक म्हणाला, "सगळं ठीक आहे." दुसराही तेच म्हणाला, त्याच सुरात. त्याचा तळवा पत्र्याने कापला असावा. रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं, आणि तो त्याच हाताने केस मागे सारत होता.

शनिवार

सगळं रेकॉर्ड होतं, म्हणून कालचं ऐकलं. आवाज माझाच आहे. बोलण्याआधी मी घसा खाकरते, तेही आहे. पण तेव्हा मी साहेबांशी बोलत होते, माइकला हातही नव्हता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पहिल्या दिवशी होतो गोंधळ, झोप काढा.

मेकॅनिकला म्हटलं, तो डबा काढून टाक. तो गुणगुणत गेला. परत आला तो डबा काखेत घेऊन, गप्प. काय झालं विचारलं. सगळं ठीक आहे, म्हणाला. किटलीतला उकळता चहा कपात ओतला आणि एका दमात प्याला. ओठांवर लगेच फोड उठले. मी ओरडले, तर तो माझ्याकडे बघत राहिला, मी का ओरडतेय हे न कळल्यासारखा.

डबा टेबलावर होता, तारा तुटलेल्या. तेवढ्यात हेडफोनमध्ये मी घसा खाकरला.

रविवार

सकाळी दादाला सगळं सांगितलं. त्याने चेष्टा केली नाही. ठरलं की बोगद्यात जा असं मी त्याला रेडिओवर कधीच सांगणार नाही. कोणी सांगितलं तर ती मी नाही. त्याने माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि कामाला गेला.

सामना ऐन रंगात असताना हेडफोनमध्ये माझाच आवाज आला. जा असं नाहीच म्हणाला तो. रडत होता. "दादा, मी खाली अडकलेय. हात सापडलाय रे. लवकर ये."

मी बटण दाबलं. काही होईना. तिकडून बटण दाबलेलं होतं, म्हणून माझं बोलणं जातच नव्हतं. मी बटण दाबून ओरडत होते आणि माझ्याच कानात माझं रडणं चालू होतं. काचेतून दादा पळताना दिसला. वाटेत त्याची टोपी पडली, उचलायलाही थांबला नाही. मी जिने उतरून पोचले तोवर तो बाहेर येत होता. सावकाश. मी त्याला मिठी मारली. त्याने मारू दिली.

सगळं ठीक आहे, म्हणाला.

सोमवार

संध्याकाळी पुतणीचं बोट दारात सापडलं. केवढ्याने किंचाळली ती. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, तर दादा तिथेच उभा, दाराला हात लावून. दार तोच धरून होता. सोडा म्हटल्यावर सोडलं. पोरीकडे बघत होता, चेहऱ्यावर काही नाही. बोट मोडलंय.

वहिनी माझ्याजवळ बसून रडली. माझ्या नवऱ्याला काय झालंय, ताई, खरं सांगा, म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. अशा वेळी फिरवतात म्हणून.

मंगळवार

साहेबांना सांगितलं, स्टेडियम बंद करा. ते म्हणाले, एक तक्रार नाही, चेंगराचेंगरी नाही, तुमचं काम वरपर्यंत वाखाणलं गेलंय. मला राग यायला हवा होता.

बूट काढून टाच पाहिली. कातडी सोलून निघालीय, मोजा चिकटलाय. कधीपासून, माहीत नाही. मी बोगद्यात पुन्हा गेलेले नाही. दिवसभर हेडफोनमध्ये फक्त तो आवाज ऐकतेय —

गुरुवार

दादाने अंतिम सामन्याचे पास आणले. पूर्व स्टँड. वहिनी म्हणाली, जाऊ या, माणसांत गेल्यावर यांना बरं वाटेल, आणि तुम्ही आहातच की वर. नको जाऊ म्हणायचं होतं.

म्हटलं नाही. कंटाळा आला —

शनिवार, अंतिम सामना

कंट्रोल रूममध्ये लिहितेय. स्टेडियम तुडुंब.

आवाज सुरू झालाय. वॉकी-टॉकीवर, आणि स्टँडमधल्या लाउडस्पीकरवरही. पूर्व स्टँड रिकामा करतोय. घाई करू नका, लहान मुलांचा हात धरा, बोगद्यातून बाहेर पडा. किती छान बोलतोय. साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. माझा माइक बंद आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. किंवा पाहिलं —

रांगेने उतरताहेत माणसं. धक्काबुक्की नाही. पलीकडून बाहेर येताहेत, तीही रांगेने. कोणी बोलत नाहीय. सामना चालूच आहे. गोल झाला. पूर्वेकडून टाळीसुद्धा नाही —

वहिनी दिसली. पोरगी कडेवर, बोटाला पांढरं बँडेज. दादा पुढे. ती बोगद्याच्या तोंडाशी थांबलीय. मागच्यांना थोपवून वर माझ्या काचेकडे बघतेय. विचारतेय, जाऊ ना? लाउडस्पीकरवरून माझा आवाज म्हणाला, जा.

कोपऱ्यात मोठा खटका आहे. खाली ओढला की सगळं बंद. रेडिओ, लाउडस्पीकर, सगळं. उजव्या हाताने लिहितेय. डावा खटक्यावर आहे. जड नाही तो. ओढला की झालं. वहिनी अजून बघतेय. तिने पाऊल —

हात आहे तिथेच आहे. मला फक्त असं वाटायला हवं, की