तबकड्या बोंबलांवर

भाईंदर (पश्चिम),
दिवाळीच्या तोंडावरचा एक उदास सोमवार

तीर्थस्वरूप सौ. निशिगंधाताईच्या चरणी तिच्या धाकट्या बंधूचे, म्हणजे ईश्वराचे, शिरसाष्टांग दंडवत. (ईश्वराने मर्त्य मानवापुढे लोटांगण घालावे, हा योग आपल्या कुटुंबाखेरीज अन्यत्र दुर्मीळ, त्याचे सर्व श्रेय माझे नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंना.) तुझे गुडघे जिन्याशी जुळते घेऊ लागले असतील, भावोजींची साखर डॉक्टरांच्या आज्ञेत असेल आणि कराडास थंडीने दर्शन दिले असेल, असे गृहीत धरूनच पुढे लिहितो, कारण विचारपूस करून उत्तराची वाट पाहण्याइतके धैर्य आता माझ्या ठायी उरलेले नाही. आमच्याकडील क्षेमाविषयी एवढेच निवेदन करतो की देह क्षेम आहे.

हाताने लिहिलेले पाकीट पाहून तू दचकली असशील. तथापि विजेवर चालणाऱ्या यच्चयावत् वस्तूंवरील माझी श्रद्धा लोप पावली असून तिच्या लोपास तुझा सुपुत्र चि. नीरज कारणीभूत आहे. श्रावणात त्याचा पुण्याहून फोन आला, तेव्हा मी त्यास माझ्या चित्रपट-कोशाची प्रगती कथन करीत होतो. (चित्रपट-कोश म्हणजे माझ्या संग्रहातील समस्त चित्रपटांची संगणकात केलेली सूची; सामान्य जन तिला डेटाबेस म्हणतात. प्रत्येक तबकडीचे, म्हणजे सीडीचे, नाव, साल, दिग्दर्शक, माळ्यावरील स्थान, ‘उपलब्ध’ आणि अखेरीस ‘शेरा’ असे तीत रकाने आहेत. शेऱ्यात मी रसग्रहण करतो. उदाहरणार्थ : ‘नायकाच्या तिन्ही भूमिका एकाच नटाने आणि एकाच मिशीने केल्या आहेत.’) माझे कथन संपताच नीरज म्हणाला, ‘मामा, बॅकअप घेतलायस का?’ मी नाही म्हणालो. ‘मग तो डेटाबेस नाहीच असं समज.’ वर्षानुवर्षांची तपश्चर्या, आणि नाहीच असं समज! मायावाद्यांनी जगाविषयीसुद्धा हे विधान इतक्या थंडपणे केले नसेल.

ताई, मला धास्ती पडली ती त्या कोशातील पहिल्या नोंदीची. ती कोणती, हे तुला सांगावयास नको. आपले तीर्थरूप अण्णा कराडच्या कोर्टात कारकून असताना शेजारच्या बाबाजीकाकांसमवेत कोल्हापुरास गेले होते आणि तेथे चित्रीकरण चालले असता दोघेही जमावात उभे केले गेले. तो चित्रपट आठवड्यात उतरला आणि जगाच्या स्मृतीतूनही उतरला. परंतु न्यायालयाबाहेरील प्रसंगात, नायिकेच्या डाव्या खांद्यामागे, अण्णांचा उजवा कान आणि एक छत्री क्षणभर प्रकट होतात. (तो कान बाबाजीकाकांचा आहे, हे तुझे मत मला ज्ञात आहे. त्याचा मी आजवर प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बाराव्यास धिक्कार केलेला आहे.) अण्णांची छायाचित्रे आपल्यापाशी पुष्कळ आहेत, पण हलणारे अण्णा, ताई, तेवढेच. त्या चित्रपटाची तबकडी मला गिरगाव सोडताना एका पदपथावर सापडली आणि पुढे कोठेही दृष्टीस पडली नाही.

तात्पर्य, बॅकअप घेणे प्राप्त झाले. असले कृत्य सुमुहूर्तावर व्हावे म्हणून मी दसऱ्याचा दिवस योजिला. त्या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची व उपकरणांची पूजा करण्याचा प्रघात असल्याने सौ. अंबिकेने संगणकास झेंडूचा हार घातला आणि मी स्वहस्ते हळदकुंकू वाहिले. ते वाहताना, जेथे पेनड्राइव्ह खोचतात त्या छिद्रास मी देवतेच्या मुखाचा मान दिला. परिणामी पेनड्राइव्ह आत जाईना आणि गेला तो दिसेना. संगणक काखोटीस मारून स्टेशनजवळच्या दिपेशभाईंच्या दुकानी गेलो. त्यांनी आत फुंकर मारली, लाल धूर निघाला, आणि ते म्हणाले, ‘अंकल, अंदर कुमकुम कौन डालता है?’ मी म्हणालो, ‘पूजा की थी.’ ते म्हणाले, ‘भगवान को भी बाहर से ही लगाते हैं ने!’ या शास्त्रार्थाची दक्षिणा मी त्यांस तत्काळ मोजली.

असो. अखेरीस त्याच सायंकाळी कोशाच्या तीन प्रती सिद्ध झाल्या. एक संगणकात, दुसरी तांदळाच्या डब्यातील पेनड्राइव्हमध्ये (ओल शोषली जावी म्हणून), तिसरी नीरजच्या सांगण्यावरून आकाशात कोठेतरी. कृतकृत्य होऊन मी दिवाणखान्यात आलो आणि, ताई, आयुष्यातील सर्वांत घातक वाक्य उच्चारले. मी म्हणालो, ‘अंबिके, सगळ्याचा बॅकअप घेतला. आता घराला आग लागली तरी माझा एकही सिनेमा जाणार नाही!’ तिने मान डोलावली. पत्नीच्या मान डोलावण्याचा अर्थ लावणारे शास्त्र आपल्या पूर्वजांनी निर्मिले नाही, ही त्यांच्या हातून झालेली मोठीच हेळसांड होय.

पुढील सप्ताहात दिवाळीची साफसफाई आली. मी कचेरीतून परतलो तो माळा निष्कलंक. जेथे तबकड्यांच्या चवडी विराजमान असत तेथे चिवड्याचे पिंप, नवे पडदे आणि एक अवाढव्य पोकळी. मी विचारले, ‘माझा संग्रह?’ अंबिका चकल्यांचा सोऱ्या फिरवीत होती. ती सोऱ्या न थांबवता म्हणाली, ‘कॉनी घेऊन गेली. तिच्या डॅडींना हव्या होत्या.’ (कॉनी ही तिच्या कचेरीतील सहकारी, माहेर उत्तनजवळच्या पाली गावी.) मी म्हणालो, ‘माझे सिनेमे?’ ती म्हणाली, ‘अहो, सगळे कॉम्प्युटरमध्ये घेतलेत ना? तुम्हीच म्हणालात, आग लागली तरी चालेल. मी तर नुसत्या दिल्या.’ मी तिला सांगू लागलो की संगणकात घेतली ती केवळ यादी. चित्रपट तबकड्यांतच होते. तेव्हा मात्र सोऱ्या थांबला. ‘यादीचा बॅकअप?’ ती म्हणाली. ‘तीन-तीन ठिकाणी? यादीचा?’ ताई, तिच्या स्वरात क्रोध नव्हता. करुणा होती. ती मला अद्याप टोचते आहे.

कॉनीच्या वडिलांना, मिस्टर आल्बर्ट यांना, चित्रपटांचे वेड असावे, ही माझी अखेरची आशा होती. रविवारी उत्तनची बस धरून पालीस गेलो. अरुंद गल्ल्यांतून, अंगावर येणाऱ्या दुचाकींना भिंतीस चिकटून वाट देत, समुद्राकाठी पोहोचलो आणि जागीच थिजलो. बांबूंना दोऱ्या बांधून त्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि त्यांच्या वर, वाऱ्याने गरगर फिरत, उन्हात लखलखत, माझे अर्धे आयुष्य लटकत होते. पक्षी बुजावेत म्हणून! कौटुंबिक, पौराणिक, तमाशाप्रधान, रहस्यमय असा कोणताही भेद न राखता सर्व शैली एका दोरीत ओवल्या होत्या. मिस्टर आल्बर्ट अत्यंत सज्जन गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, सरबत दिले आणि अभिमानाने म्हणाले, ‘लय कामाच्या हाय तुमच्या शीड्या. कावला फिरकत न्हाय.’ मग त्यांनी पृच्छा केली, ‘पिक्चर येवढे खराब होते काय?’

मी कोशाची मुद्रित प्रत नेली होती. ती हाती धरून एकेका दोरीखालून फिरलो. तबकडीवर शाईने घातलेले अंक खाऱ्या वाऱ्याने पुसले होते. नावे वाचावी तर तबकडी पाठ फिरवी. पाठ फिरली की सूर्य डोळ्यांत शिरे. वरून बोंबलांचे पाणी टपकत होते. एक अश्रुपूर्ण सामाजिक चित्रपट ओळखू आला. (शेरा : ‘मध्यंतरानंतर नायिकेस हसू येत नाही, प्रेक्षकास येते.’) दुसरा एक उतरवून पाहिला, तर त्यावर चोचीचे ओरखडे. म्हणजे एक तरी कावळा निर्भय निघाला. रसिक तो एकच. अण्णा मात्र कोठेही आढळले नाहीत. मिस्टर आल्बर्ट यांस कानाची सगळी हकीकत कथन केली. त्यांनी टोपी काढली. ‘बापाचा कान? आदी बोलायचं ना! थोड्या शीड्या डोंगरीला सोयऱ्यांच्या भाजीवर दिल्या, थोड्या मुर्ध्याला. बगू. गावंल.’ काल पुन्हा गेलो. शेजारच्या डोंगरी गावी वांग्यांच्या वाफ्यांतून फिरलो, मुर्धा गावी एका परसातील तोंडल्यांच्या मांडवाखाली मान वर करून उभा राहिलो. तेथील बाईंनी मला पालिकेचा माणूस समजून मांडव अधिकृत असल्याचे पटवून दिले. अण्णा नव्हते. परतताना मिस्टर आल्बर्ट यांनी बोंबलांचा पुडा दिला. तो मी कोशाच्या मुद्रित प्रतीसमवेत एकाच पिशवीत ठेवला. आता माझे रसग्रहणही वाळलेले आहे.

घरी येऊन संगणक उघडला. कोश अक्षत आहे, ताई. एक काना-मात्रा ढळलेली नाही. वेदान्ती सांगतात की जग म्हणजे नाम आणि रूप. माझे रूप पालीच्या वाऱ्यावर गेले आणि नाम तीन प्रतींत उरले. पहिल्या नोंदीपुढे ‘उपलब्ध’ या रकान्यात ‘होय’ असे लिहिले आहे. ते पुसून ‘नाही’ लिहावे म्हणून बराच वेळ कळफलकावर बोट धरून बसलो. मग अंबिका ‘जेवायला चला’ म्हणाली आणि मी ‘होय’ तसेच राहू दिले. खोटी नोंद मी आयुष्यात प्रथमच ठेवली.

अधिक लिहून तुझ्या डोळ्यांस त्रास देत नाही. भाऊबीजेस येण्याचे ठरले आहे ते ठरलेलेच राहो. माझे हे प्रलाप मनावर घेऊ नयेस. मी स्थितप्रज्ञ आहे. लोभ आहेच, तो बॅकअपविना टिकलेला आहे.

तुझा, केवळ नामरूपातील नाम उरलेला बंधू,
ईश्वर

ता. क. : वस्तुतः पत्रास कारण की, नीरजच्या मुंजीत मी तुला त्या चित्रपटाची एक प्रत करवून दिली होती. तू ती घेताना म्हणाली होतीस की बाबाजीकाकांचा कान मी घरात कशाला ठेवू, चहाच्या कपाखाली ठेवीन. ताई, तो कप कोणता? त्याखाली अद्याप काही असल्यास ते धुऊ नकोस, पुसू नकोस, कुरिअरने तर मुळीच पाठवू नकोस. भाऊबीजेस स्वतःच्या पिशवीतून घेऊन ये. ओवाळणी तू मागशील ती.

दुसरा ता. क. : ती प्रत मिळत असल्यास, सदर कान बाबाजीकाकांचाच आहे, असे मी या पत्राद्वारे पूर्ण शुद्धीत मान्य करतो.

तिसरा ता. क., दुसऱ्या हस्ताक्षरात : वन्सं, नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून वाचलं. तुमच्या कपाखाली शोधू नका. अण्णांची सीडी मी कॉनीला दिलेलीच नाही. ती आधीच बाजूला काढून माझ्या पैठणीच्या घडीत ठेवली होती. पहिल्याच दिवशी सांगणार होते, पण यांनी इतकं शुद्ध मराठीत रागावायला सुरुवात केली की राहूनच गेलं. मग ते पालीला गेले आणि कितीतरी वर्षांनी उन्हात फिरून, चिखल लावून, भूक लागली म्हणत घरी आले. म्हटलं, असू दे अजून थोडे दिवस. भाऊबीजेला तुमच्या हातानं द्या, तोवर तोंडातून चकार शब्द नको. आणि कानाचं म्हणाल तर मला ठाऊक नाही, पण सिनेमातली ती वाकड्या पितळी मुठीची छत्री अण्णांचीच, आमच्या दारामागे अजून लटकतेय. इतकी वर्षं दोघं भावंडं कानावरून भांडलात, छत्रीकडे कोणी बघितलंच नाही. येताना तुमचा सीडी प्लेअर मात्र आठवणीनं आणा. आमचा केव्हाच बंद पडलाय. यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

— अंबिका