त्सेनाबाई गाडीतून उतरल्या

व्रात्सा, ९ मार्च १९९६

ती. रुम्यानाताईस, सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असल्याचं कळलं. या वयात चेरीच्या झाडावर चढतेस, मग झाडाचा काय दोष?

माझं म्हणशील तर दिवसाआड दवाखान्याची गाडी येते, मशीन माझं रक्त धुतं आणि मी पिळलेल्या फडक्यासारखा घरी येतो. गाडीत आम्ही चौघे डायलिसिसवाले. त्यातल्या त्सेनाबाई पोस्टातून निवृत्त झाल्यात, तोंड मात्र अजून नोकरीवर आहे. मी झोपेचं सोंग घेतो.

आता एक सांगतो, रागावू नकोस. दोन्का गेली, संसार संपला; तेव्हापासून घरात माझी वाट बघणारं कोणी नाही. हे रक्त धुवायचं तरी कोणासाठी? येत्या गुरुवारपासून मी जाणार नाही. मधमाश्यांच्या पेट्याही शेजाऱ्याला देऊन टाकल्या.

तुझा लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
ओग्न्यान

बुर्गास, १३ मार्च

चि. ओग्न्यान यास, अनेक आशीर्वाद आणि तेवढ्याच शिव्या.

तुझ्या घरी फोन नाही, माझा पाय जमिनीला टेकत नाही, म्हणून हे पत्र. नाहीतर कान धरायला आज संध्याकाळीच पोचले असते. कोणासाठी, म्हणून विचारतोस? माझ्यासाठी. मी थोरली, आधी जायचा नंबर माझा. रांग मोडायची नाही. लहानपणीही तू अशीच घुसखोरी करायचास.

दोन्काची आठवण मलाही येते रे. पण तुझी आठवण काढायची पाळी माझ्यावर आणू नकोस.

उलट टपाली उत्तर धाड. तोवर माझा जीव टांगणीला आहे.

तुझी,
ताई

व्रात्सा, २४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचण्याआधीच माझा बेत फसला. गुरुवारी गाडीचा हॉर्न वाजला, मी दार उघडलं नाही. तर त्सेनाबाई उतरून मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. मागोमाग बाकीचे दोघे. मी सांगितलं, उशीर होतोय, तुम्ही निघा. त्सेनाबाईंनी बूट काढले, खुर्ची ओढली आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही, तर आम्हीही नाही."

मी चिडलो, ओरडलो, स्वतःच्या जिवाशी खेळताय म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही काय करताय?" बाकीच्या दोघांतल्या एकाने तर माझी भांडी घासायला घेतली. त्यांचे सुजलेले पाय मला दिसत होते. शेवटी त्यांना घराबाहेर काढायला म्हणून मीच कोट चढवला. दवाखान्यात नर्सने चौघांनाही उशिराबद्दल झापलं, कोणी माझं नाव घेतलं नाही. परतताना मी झोपलो नाही. त्सेनाबाईंना दोन्काबद्दल सांगत बसलो. ताई, तासभर त्या गप्प होत्या!

आता खरं काम. जूनमध्ये तुमच्या बुर्गासच्या दवाखान्यात आठवडाभर मशीन मिळतंय. चौघांनाही. त्सेनाबाईंनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. आम्हाला पाणी घोटाघोटाने प्यावं लागतं, तेव्हा तुमचा समुद्र संपवू ही भीती नको. नुसते बघत बसू.

चार गाद्या घालून ठेव, आणि जेवणात मीठ नको.

तुझा लोभ आता चौघांत वाटावा लागेल.

तुझा,
ओग्न्यान