गाढी एफसी: पझेशन तीन वर्षांत

४ मे
सीझन संपला. आम्ही तळाला. शेवटच्या मॅचमध्ये पाच गोल खाल्ले, त्यातला एक आमच्याच माणसानं मारला. काही वाटलं नाही. घरी येऊन वरणभात जेवलो. बायको, प्राची, म्हणाली, रडायचं असेल तर रड, मी टीव्ही मोठा करते. रडू आलं नाही. मोठी माणसं अशा वेळी आतल्या आत प्लॅन करत असतात.

मी गाढी एफसीचा डायरेक्टर ऑफ फुटबॉल आहे. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी लिहून ठेवलेलं बरं वाटतं. याच पदासाठी बंदरावरच्या शिपिंग कंपनीतली नोकरी सोडली. बाकीचे क्लब आम्हाला गाढव एफसी म्हणतात. गाढी ही पनवेलची नदी आहे हे त्यांना माहीत नसावं.

संकल्प: टीमचं रिबिल्डिंग. जगातले सगळे मोठे क्लब करतात.

७ मे
काशीशेठना भेटलो. क्लब त्यांचा, नवीन पनवेलच्या टोकाचं मैदानही त्यांचंच. आधी भातशेती, आता बिल्डर. लॅपटॉप चालू झाला नाही म्हणून तोंडीच सांगितलं. शेठ, रिबिल्डिंग करावं लागेल, जुनं सगळं काढून नवं उभं करू. इतकं मन लावून त्यांनी माझं आजवर ऐकलं नव्हतं. म्हणाले, आमच्या डोस्क्यात कंदीपासून तेच हाय, पन तुमाला वाईट वाटंल म्हनून गप होतो. आता तुमीच बोल्लात, बरा झाला. आधी सगले खाली करा, मंग पुढचा बगू.

खाली करा म्हणजे स्क्वाड मोकळा करा. बिल्डर माणूस, भाषा तशीच असणार. पूर्ण पाठिंबा मिळाला.

३१ ऑगस्टपर्यंत नव्या सीझनच्या खेळाडूंची नावं लीगकडे गेली पाहिजेत. नाहीतर लायसन्स रद्द आणि क्लब बंद. पण अजून मे आहे.

१५ मे
कॅप्टन प्रितेशला सोडलं. आमचा स्ट्रायकर. उसाच्या रसाच्या दुकानात बसवून सांगितलं की तुझ्या पायात आता तो जोर राहिला नाही. त्यानं विचारलं, मग गोल कोण मारणार? म्हटलं, सिस्टीम मारेल. तो बराच वेळ ग्लासातला बर्फ ढवळत होता. मग म्हणाला, सर, तुमची तब्येत बरी आहे ना?

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. प्रोफेशनॅलिझम येत चाललाय.

२ जून
काशीशेठचा फोन. मी न विचारता म्हणाले, सगल्यात मेन गोष्ट पझेशन. पझेशन टायमावर नाय दिला तर लोक दारात येऊन शिव्या घालतात.

थक्क झालो. बॉल जास्तीत जास्त वेळ आपल्याच पायात ठेवायचा, यालाच आजच्या फुटबॉलमध्ये पझेशन म्हणतात. हे या माणसाला कोणी शिकवलं? मी विचारलं, शेठ, आपल्याला तसं कधी जमेल? म्हणाले, तीन वर्सांत. लिहून देतो.

तीन वर्षांचा प्रोजेक्ट. परदेशात पण एवढाच वेळ देतात.

प्राचीला सांगितलं. ती बँकेत होम लोन बघते. ती हातातला चमचा तसाच धरून म्हणाली, शैलेश, तो माणूस बिल्डिंग बांधतोय. हिला सगळीकडे होम लोनच दिसतं.

११ जून
आणखी सात जण खाली केले. करंजा बंदर एफसीच्या मॅनेजरचा फोन आला होता, प्रितेशसकट सगळे एकदम घेतो म्हणाला. फुकट दिले. करंज्याची टीम म्हणजे सकाळी मासळीचा लिलाव आणि संध्याकाळी प्रॅक्टिस. त्यांच्याकडून आम्हाला धोका नाही. दोन पोरं तर नुसती लोनवर दिलीत, लागली की परत बोलावता येतील. लोन हा शब्द ऐकून प्राचीनं विचारलं, तारण काय घेतलंस?

बेंचवरची एकदोन पोरं आपणहून यायची थांबली, मैदानावर आता एकटा गोलकीपर जिब्रान येतो. तिशी ओलांडलीय, मामाच्या चपलांच्या दुकानात बसतो आणि दुपारनंतर इथे. म्हणतो, सर, प्रॅक्टिस कधी सुरू होणार? म्हटलं, आधी व्हिजन, मग प्रॅक्टिस. तो इन्शाल्ला म्हणाला आणि बॉल भिंतीवर मारून स्वतःच पकडत बसला.

संकल्प: उद्यापासून सकाळी ट्रेनिंगचे व्हिडिओ बघणे.

१२ जून
उशिरा उठलो. व्हिडिओ लांब आहेत.

२८ जून
काशीशेठचा मेसेज: प्लॅन पास झाला. जी प्लस सात.

बराच विचार केला. जी म्हणजे गोलकीपर. गोलकीपर अधिक सात म्हणजे आठच होतात. वरचे तीन फॉरवर्ड नंतर आणायचे असणार. धाडसी आहे, पण मालकाचं डोकं चालतंय याचा आनंद आहे. आनंद आहे असं लिहिलंय खरं, पण झाला की नाही ते नीट कळत नाही. हल्ली असंच होतं.

५ जुलै
नव्या खेळाडूंसाठी ट्रायल. सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मीच टाकलं होतं: गाढी रिबिल्डिंग, नोंदणी सुरू, रविवारी मैदानावर या.

तुफान गर्दी. लोक बायका-मुलांना घेऊन आले. बूट मात्र कोणीच आणले नव्हते. एका गृहस्थांना विचारलं, कोणती पोझिशन हवी? म्हणाले, पूर्वाभिमुख. एक आजी पार्किंगचं विचारत होत्या. जिब्रान बिचारा ग्लव्ह्ज घालून गोलपोस्टमध्ये उभा. शेवटी एका लहान मुलीनं त्याला एक गोल मारला. तिचं नाव लिहून घेतलं.

नवे खेळाडू: शून्य. फॅन बेस: उत्तम.

२१ जुलै
पॅव्हेलियन पाडलं. पावसात जेसीबी उभा होता. इन्फ्रास्ट्रक्चरचं काम इतक्या लवकर सुरू होईल असं वाटलं नव्हतं. मैदानाला पत्रे ठोकलेत. जिब्रानला आत सोडत नाहीत म्हणून तो बाहेर रस्त्यावर बॉल मारतो आणि रिक्षावाले ओरडतात. त्यानं विचारलं, सर, आपण कुठे खेळणार? म्हटलं, कन्स्ट्रक्शन फेज आहे, कळ काढ.

प्राची म्हणाली, निदान त्याला तरी जाऊ दे. मी म्हटलं, प्रत्येक रिबिल्डिंगला एक पाया लागतो. ती उठून आत गेली.

१४ ऑगस्ट
गोव्याच्या एका मिडफिल्डरशी बोलणी. व्हिडिओ फार छान. सात गोल, पण नीट बघितलं तर सातही वेळा तोच कुत्रा मैदानातून जातो. तरी घेऊ म्हटलं. त्यानं विचारलं, मैदान कुठे आहे? उत्तर पाठवलं. नंतर त्याचा मेसेज नाही.

३१ ऑगस्ट, सकाळी
लीगच्या वेबसाइटवर नावं भरायला बसलो. जिब्रानचं भरलं. मग दुसरं नाव आठवेना. काशीशेठकडे गेलो.

साइट ऑफिसात नवीन बोर्ड होता, गाढी हाइट्स. विचारलं, शेठ, बाकीचे प्लेअर कधी देताय? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, कंचे प्लेअर? तुमीच सगले खाली केले ना? तुमीच बोल्लात रिबिल्डिंग करू, आमाला वाटला तुमाला पन पटला. आमी शब्द पाललाय, बगा, प्लॅन पास, पझेशनची तारीख सुदा टाकलीय.

खरं तर ते लबाड नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता, माझाच पडायचा राहिला होता. आतून त्यांची बायको भामाकाकी आली, पुढ्यात चहा ठेवून म्हणाली, पोरा, आदी चा पी. मग काशीशेठ म्हणाले, तुमाला असा वाऱ्यावर नाय सोडनार. फ्लॅट विकायला मानूस पायजे, सेल्स डायरेक्टर करतो.

म्हणजे पद डायरेक्टरचंच राहिलं. खुर्ची फिरती आहे.

३१ ऑगस्ट, रात्री
दुपारी जिब्रानला फोन केला आणि मोकळं करतोय म्हणून सांगितलं. करंज्याच्या मॅनेजरलाही कळवलं, आजच नाव घाला. जिब्रान म्हणाला, सर, मी थांबलो असतो. म्हटलं, ही स्ट्रॅटेजी आहे.

संध्याकाळी लीगकडून ईमेल, गाढी एफसीचं लायसन्स रद्द. प्राचीला वाचून दाखवला. तिनं पाठीवर हात ठेवला. काही वाटलं नाही.

१२ ऑक्टोबर
करंज्याला गेलो. प्राची घेऊन गेली. सीझनची पहिली मॅच. मैदानाच्या कडेनं बोंबील वाळत घातलेले, वारा आला की सगळ्यांनी नाकाला रुमाल लावायचा. करंज्याच्या मॅनेजरनं पुढची खुर्ची दिली, साहेब म्हणाला आणि त्याच्या कामाला लागला.

मैदानात उतरलेल्यांपैकी फक्त दोघं मला अनोळखी होते. बाकी माझे. प्रितेश कॅप्टन. पास इतके सरळ जात होते की वाटलं, यांना कोणी शिकवलं? मग आठवलं, गेल्या वर्षीही हे असेच पास देत होते. मी तेव्हा बहुतेक बोर्डावर बाण काढत होतो.

दुसऱ्या हाफमध्ये प्रितेशनं हेडरनं गोल मारला. मी उठून गाढी, गाढी म्हणून ओरडलो. शेजारच्या कोळणीनं विचारलं, कुनाचा हाय तू? बसलो. आपण कोणाचे आहोत ते सांगता येईना. तिथे मला फार वाईट वाटलं. मेपासून जे जे वाटायचं राहिलं होतं ते सगळं एकदम आलं. प्राचीनं पाण्याची बाटली पुढे केली, मी ती नुसती धरून बसलो.

शेवटी शेवटी जिब्राननं एक कठीण बॉल अडवला. ते जिंकले. मॅच संपल्यावर तो घामाघूम झालेला तसाच आमच्याकडे आला, आधी प्राचीला सलाम केला. म्हणाला, सर, तुमचे एहसान आहेत. तुम्ही आम्हाला वेगवेगळं विकलं नाही, सगळ्यांना एकाच ठिकाणी पाठवलं, म्हणून टीम टिकली.

मी म्हणालो, तोच प्लॅन होता.

त्यानं मान डोलावली. त्याला ते खरं वाटलं. मला वाटलं नाही.